मागची आवृत्ती

लिनक्सवर एखाद्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढून जुनी बसवायला घेतली, की पहिली हरकत पॅकेज मॅनेजरची येते. नवं घ्यायचं असेल तेव्हा तो फारसं बोलत नाही; किती मेगाबाइट उतरवावे लागतील तेवढं सांगतो आणि कामाला लागतो. जुन्याची मागणी केली की पडद्यावर एक वेगळी यादी येते, कोणकोणती पॅकेजं मागे जाणार त्यांची. सगळ्या प्रश्नांना आधीच ‘हो’ म्हणून ठेवलेलं असलं तरी उबंटूतला एपीटी तिथे थांबतो आणि मागे जाण्याची परवानगी वेगळी, स्पष्ट मागतो. ती मी विचारपूर्वक देतो. माझ्या संगणकात एका बंद पडलेल्या दिवाळी अंकाची पानं आहेत. ती जशी छापली गेली तशीच्या तशी वाइनच्या एका जुन्या आवृत्तीत उभी राहतात.

वाइन म्हणजे विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. कुठलाही प्रोग्रॅम एकट्याने फार थोडं करतो. तो सारखा खालच्या व्यवस्थेकडे काही ना काही मागत असतो: खिडकी उघड, ही फाइल वाच, हा फाँट या मापात दे, हे अक्षर किती रुंद आहे ते सांग. विंडोज जिथे नसतंच, तिथे या प्रत्येक मागणीला वाइन उत्तर देतं आणि प्रत्यक्ष काम लिनक्सकडून करून घेतं. प्रोग्रॅमला फरक जाणवू नये, एवढंच त्याचं ध्येय. हे काम १९९३ मध्ये सुरू झालं. सुरुवातीला बॉब आम्स्टाट यांनी सूत्रं सांभाळली. १९९४ मध्ये ती आलेक्झांद्र ज्युलियार यांच्याकडे आली आणि पुढची कित्येक दशकं त्यांच्याकडेच राहिली. १.० ही आवृत्ती आली १७ जून २००८ ला. पंधरा वर्षं काम करून मग ज्यांनी त्याला एक हा आकडा लावला, त्या माणसांच्या सबुरीबद्दल मला नितांत आदर आहे.

तो आदर त्यांच्या कामाच्या रीतीमुळे आणखी वाढतो. विंडोजचा मूळ कोड त्यांना पाहायला मिळत नाही, आणि ज्याने तो कुठे पाहिला असेल त्याने या कामात हात घालायचा नाही असा त्यांचा कडक नियम आहे. मग विंडोज कसं वागतं हे कळणार कसं? बाहेरून विचारून. एखादा छोटा चाचणी-प्रोग्रॅम लिहायचा, तो खऱ्या विंडोजवर चालवायचा, काय उत्तर येतं ते पाहायचं आणि वाइनचं उत्तर त्याच्याशी जुळेपर्यंत वाइन सुधारत राहायचं. अशा हजारो चाचण्या त्यांच्या कोडसोबतच ठेवलेल्या असतात. उत्तर शहाणपणाचं असण्याची गरज नसते. विंडोज एखाद्या ठिकाणी चुकत असेल आणि त्या चुकीवर एखादा प्रोग्रॅम उभा असेल, तर वाइनलाही तिथे तसंच चुकावं लागतं.

ही जबाबदारी खुद्द विंडोजवरही येऊन पडलेली आहे. ‘सिमसिटी’ हा जुना खेळ मेमरीचा एखादा तुकडा परत करून टाकल्यावरही तोच तुकडा वाचत असे. विंडोज ३.१ मध्ये ते खपून जायचं. विंडोज ९५ ची मेमरी सांभाळण्याची पद्धत अधिक काटेकोर होती, तिथे खेळ कोसळू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोज ९५ मध्येच एक सोय करून ठेवली: सिमसिटी चालू असेल तर परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. जोएल स्पोल्स्की यांनी सांगितलेली ही हकीकत प्रोग्रॅमरांच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. मला ती फार मोलाची वाटते. चूक खेळाची होती, तरी खेळणाऱ्याचा शनिवार-रविवार वाया जाऊ नये म्हणून कुणीतरी ती स्वतःच्या अंगावर घेतली.

आता प्रश्न असा, की वाइन दर पंधरवड्याला सुधारत असेल, तर नव्या आवृत्तीत जुना प्रोग्रॅम बिघडतो कसा? याची कारणं पुष्कळ आहेत. त्यातलं एक मला विचार करायला लावतं. समजा, विंडोजमध्ये एक सोय आहे आणि वाइनमध्ये ती अजून लिहिलेलीच नाही. प्रोग्रॅम तिची चौकशी करतो, ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि प्रोग्रॅम मुकाट्याने आपला जुना, साधा रस्ता धरतो. काम होतं. दोन वर्षांनी कुणीतरी ती सोय लिहायला घेतो. अर्धी लिहून होते. आता प्रोग्रॅमला ‘आहे’ असं उत्तर मिळतं, तो नव्या रस्त्याला वळतो आणि जिथे रस्ता अजून बांधून झालेला नाही तिथे अडखळतो. वाइन पुढेच गेलेलं असतं. ज्याने ती सोय लिहिली त्याचं काही चुकलेलं नसतं, प्रोग्रॅमचंही नसतं. तरी कालपर्यंत उघडणारं पान आज उघडत नाही. याखेरीज, वाइन स्वतःला विंडोजची कोणती आवृत्ती म्हणवतं तेही काळाबरोबर बदललं. पूर्वी ते विंडोज एक्सपी असल्याचं सांगत असे, पुढे विंडोज ७, आणि आता विंडोज १०. विंडोज ९८ च्या काळात लिहिलेला प्रोग्रॅम हे ऐकून कसा वागेल ते त्याच्या कर्त्यालाही सांगता आलं नसतं. हे मात्र सेटिंगमध्ये बदलता येतं, अगदी एकेका प्रोग्रॅमपुरतंही.

माझी अडचण अक्षरांच्या रुंदीची आहे, आणि ती समजायला १९९० नंतरच्या मराठी छापखान्यांत जावं लागतं. खिळ्यांची जुळणी मागे पडून संगणकावर पानं लागू लागली तेव्हा पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत डीटीपीच्या खोल्या उघडल्या. पेजमेकर हे तिथलं मुख्य हत्यार. ते १९८५ मध्ये आल्डस कंपनीने आणलं, १९९४ मध्ये अडोबीकडे गेलं आणि २००१ मधली ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती ठरली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. त्याच्या लेखी एका फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं, आणि त्यातली काही मुळातच वापराबाहेर. एवढ्या जागेत मराठी बसवायची कशी? मग अक्षरांचे तुकडे पाडले गेले. काना वेगळा, अर्धा त वेगळा, कमी-जास्त लांबीच्या पहिल्या वेलांट्या वेगवेगळ्या, रफार वेगळा, रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला आणखी वेगळा. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रत्येक घराण्याने आपापल्या पद्धतीने ही मांडणी केली. ज्या घरात पश्चिम युरोपीय भाषेतलं एखादं अक्षर किंवा चिन्ह असायचं त्या घरात मराठीचा तुकडा बसला.

त्यामुळे एक विचित्र अट निर्माण झाली. मायक्रोसॉफ्टने मराठीला विंडोजमध्ये जागा दिली ती थेट युनिकोडच्या जमान्यात. तिच्यासाठी जुन्या धाटणीचं २५६ घरांचं कोडपान कधी तयारच झालं नाही. या फाइलींतली मराठी मात्र पश्चिम युरोपीय कोडपानाच्या घरांत बसलेली. म्हणून माझ्या संगणकाची भाषा मराठी असली, तरी पेजमेकर सुरू करताना त्याच्यापुरती ती बदलून अमेरिकी इंग्रजी करावी लागते. मग मराठी नीट दिसते.

आणि आता रुंदी. अनुस्वार, मात्रा, रफार हे तुकडे स्वतः जागा घेत नाहीत. आधीच्या अक्षरावर मागे झुकून बसतात. एखाद्या अक्षराची रुंदी विचारली की विंडोज तीन आकडे देतं: डावीकडे किती मोकळं, मधलं अक्षर किती, उजवीकडे किती मोकळं. मागे झुकणाऱ्या मात्रेसाठी यातला पहिला आकडा उणे असतो. प्रोग्रॅम ओळभर हे आकडे मांडत जातो, बेरीज करतो आणि ओळ कुठे तोडायची ते ठरवतो. उत्तरात एका बिंदूचा फरक पडला, कुठे पूर्णांक करताना वर ऐवजी खाली गेला, तरी ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीत उतरतो. त्या ओळीतला त्याच्या पुढच्या ओळीत. परिच्छेद एका ओळीने वाढतो, चौकटीबाहेर जातो, आणि लेखाचं शेवटचं वाक्य पानावरून नाहीसं होतं. फाइलमध्ये ते असतं. पानावर नसतं.

इथे कुणीही सुचवेल, आणि मला बऱ्याच जणांनी सुचवलंही आहे, की मजकूर युनिकोडमध्ये बदलून घे आणि मोकळा हो. तो मी बदलून घेतला आहेच. शोधता यावा, अंध वाचकांना ऐकता यावा, मोबाइलवर वाचता यावा यासाठी तो बदललाच पाहिजे. पण मजकूर आणि पान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची परंपरा सुरू केली. तेव्हापासून मराठी दिवाळी अंक नुसता मजकूर म्हणून कधीच निघालेला नाही. कवितेसमोर कोणतं रेखाचित्र, कथेचं नाव कुणाच्या सुलेखनात, कोणत्या पानावर किती पांढरं सोडायचं, यांत संपादकाइतकाच पान लावणाऱ्याचा हात असतो. पुस्तकाच्या आरंभी बारीक टाइपात ‘अक्षरजुळणी’ असं लिहून ज्यांचं नाव छापतात, त्या माणसांचे निर्णय त्या जुन्या फाइलींत आहेत. मजकूर बाहेर काढला की ते निर्णय गळून पडतात.

या अंकाची पानं ज्यांनी लावली त्या ताई आता डीटीपी करत नाहीत. वाइनमध्ये पहिल्यांदा पानं बरोबर उभी राहिली तेव्हा मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, एका कवितेच्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, ही तिसरी ओळ बघा. ही मी हाताने ओढलीय.”

“ओढलीय म्हणजे?”

“शेवटचा शब्द खाली पडत होता. कवींनी फोन करून सांगितलं होतं, ओळ तुटता कामा नये. मग शब्दांमधल्या जागा थोड्या थोड्या कमी केल्या. सगळ्या सारख्या नाही हं. स्वल्पविरामानंतरची तशीच ठेवली.”

मी पाहिलं. स्वल्पविरामानंतरची जागा खरंच तशीच होती. मग त्यांनी ‘ल’ आणि ‘श’ दाखवले: पाकळीचा ल, देठाचा श. राज्य सरकारने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून हीच रूपं मराठीची म्हणून ठरवली. त्यांनी ती कितीतरी आधीपासून आग्रहाने वापरली होती. फाँटमध्ये दोन्ही रूपं होती आणि योग्य ते निवडण्यासाठी एक कळ जास्त दाबावी लागे. त्यांनी ती अंकभर, प्रत्येक ल आणि श ला दाबली.

माझी बाजू इथे ठरली. या पानांसाठी जे वातावरण लागतं ते टिकवायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. ताजी आवृत्ती ही नेहमी अधिक योग्य असते, असं आपण न तपासता धरून चालतो. ज्या माणसाला आज नवा प्रोग्रॅम चालवायचा आहे त्याच्यासाठी ती योग्यच आहे. ज्याला एक पूर्ण झालेलं काम जसंच्या तसं उघडायचं आहे, त्याच्यासाठी योग्य आवृत्ती ती, जिच्यात ते काम पूर्ण दिसतं. त्या आवृत्तीचं वय हा मुद्दा नाही.

करायला हे सोपं नाही. वाइन ज्या फोल्डरात विंडोजचा सगळा संसार मांडतं, सी ड्राइव्ह, रजिस्ट्री, फाँट, त्याला प्रीफिक्स म्हणतात. नवी आवृत्ती पहिल्यांदा चालली की ती हा संसार आपल्या पद्धतीने लावून घेते, आणि मग मागच्या आवृत्तीला तो परत नीट ओळखता येईल याची हमी राहत नाही. म्हणून जुन्या आवृत्तीला कोरं प्रीफिक्स द्यायचं आणि नव्याचा हात त्याला कधी लागू द्यायचा नाही. पॅकेज मॅनेजरला त्या पॅकेजावर ‘होल्ड’ लावायला सांगायचं, नाहीतर पुढच्या अद्ययावतीकरणात तो आपण होऊन नवं आणून बसवतो. त्याहून बरं म्हणजे जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवून नवीच्या शेजारी नांदवायची. प्लेऑनलिनक्स, लुट्रिस, बॉटल्स यांसारखी साधनं हेच करतात, प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची त्याची आवृत्ती. खूपच मागे जायचं असेल तर तयार पॅकेज आजच्या लायब्ररींवर बसत नाही, आणि मूळ कोडवरून बांधायला घेतलं तर आजचा कंपायलर त्या कोडला नावं ठेवतो. तेव्हा त्या काळचं अख्खं लिनक्सच एका कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, उभं करावं लागतं. जुन्या आवृत्तीत जुने दोषही असतात. शिवाय वाइन आपल्या सगळ्या फाइली झेड ड्राइव्ह म्हणून त्या प्रोग्रॅमसमोर उघड्या ठेवतं. म्हणून ती वाट मी बंद केली आहे आणि त्या कंटेनरला इंटरनेटही दिलेलं नाही.

हे सगळं करता येतं, कारण वाइनच्या लोकांनी आपल्या जुन्या आवृत्त्यांचा मूळ कोड जपून ठेवला आहे. ज्याला हवा त्याला तो आजही उतरवून घेता येतो. नवं बाहेर काढल्यावर जुनं पुसून टाकणं सोपं असतं, त्याने मदत मागणारेही कमी होतात. त्यांनी ते केलं नाही. त्यांच्यामुळे चौसष्ट-बिटी विंडोजवर जे मुळी चालतच नाही तेही लिनक्सवर चालू शकतं: विंडोज ३.१ च्या काळचे सोळा-बिटी प्रोग्रॅम. हे वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे, कारण विंडोज ९५ च्या पिढीतल्या कित्येक बत्तीस-बिटी प्रोग्रॅमांचे इन्स्टॉलर मात्र सोळा-बिटीच होते. प्रोग्रॅम चालला असता, पण तो बसवणारा चालत नाही.

आणि तरीही जुन्या आवृत्तीत कायमचं राहता येणार नाही, हे मला दिसतं. पायाखालची जमीन आकसते आहे. २०१९ मध्ये उबंटूने बत्तीस-बिटी लायब्ररी बंद करण्याचं जाहीर केलं होतं. विरोध झाल्यावर निवडक लायब्ररी ठेवल्या. वाइनलाही या आधारावर फार काळ विसंबता येणार नव्हतं. जानेवारी २०२४ च्या ९.० मध्ये बत्तीस-बिटी प्रोग्रॅम निव्वळ चौसष्ट-बिटी लिनक्सवर चालवण्याची नवी रचना वापरण्याजोगी झाली. तेव्हा तिच्यात सोळा-बिटी कोड चालत नव्हता. पण दिशा तीच आहे आणि तीच बरोबर आहे. आजपासून वीस वर्षांनी ही पानं उघडतील ती नव्या वाइनमध्येच उघडतील. म्हणजे नव्या वाइनने ही पानं बरोबर दाखवायला शिकलं पाहिजे. ते शिकवण्यासाठी माझ्या हातातला एकमेव पुरावा म्हणजे ही जुनी आवृत्ती.

यासाठी एक पद्धत आहे, बायसेक्ट नावाची. एक आवृत्ती अशी घ्यायची जिच्यात पान बरोबर आहे, आणि एक अशी जिच्यात नाही. दोन्हींच्या मधला बदल निवडून वाइन बांधायचं आणि पान उघडून पाहायचं. बरोबर असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, चूक असेल तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा मधला बदल, पुन्हा बांधणी. मधे आठ हजार बदल असले तरी तेरा पायऱ्यांत नेमका एक बदल हाती लागतो: कुणी, कधी, कोणत्या ओळीत केला, का केला, त्याच्या टिपणासह. कुठलीही गोष्ट कुठे बिघडली ते शोधण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. ती चालते मात्र एकाच अटीवर: बरोबर असलेली जुनी अवस्था कुणीतरी राखलेली असली पाहिजे.

तो बदल सापडला की तक्रार लिहायची असते, आणि तिथे सगळा पेजमेकर आणि अख्खा अंक देऊन भागत नाही. वाइनचा दुरुस्तीकार फ्रान्समध्ये असेल, अमेरिकेत असेल, त्याला मराठी येत नसेल. ओळ चुकली हे त्याला पानाकडे बघून कळणार नाही. त्याला लहानातला लहान नमुना हवा, जो खऱ्या विंडोजवर एक उत्तर देतो आणि वाइनवर दुसरं. शिवाय तो फाँट विकत घेतलेला, मालकीचा. तो जाहीरपणे जोडता येत नाही. म्हणून ताई आणि मी एक फाँट नव्याने करतो आहोत, परवान्याच्या अडचणीशिवाय कुणालाही देता येईल असा. त्यात तीनच आकार आहेत: देठाचा श, काना आणि मागे झुकणारा रफार. काना आणि श मी काढले. रफार त्या काढताहेत, कारण तो डावीकडे नेमका किती झुकला पाहिजे हे त्यांच्या हाताला माहीत आहे. उणे आकडा किती लिहायचा ते त्या सांगतील, मग विंडोजवर चाचणी चालवू आणि उत्तर दोन्हीकडचं जोडून तक्रार पाठवू.